आधी गवत मोजा

पिंपळे सौदागरकडून मुळा ओलांडली, की औंधला राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. या निमित्ताने आयुक्तालयाने एकच काम मनावर घ्यावे: पुणे जिल्ह्यातल्या गायरानांवर चारा किती उगवतो आणि जनावरे त्यातला किती खातात, हे मोजावे.

खेड-मावळकडची माळराने मार्चमध्ये पिवळी दिसली, की लोक त्यांना पडीक म्हणून मोकळे होतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही निकृष्ट कुरणे त्याच यादीत असतात. मग तिथे झाडे लावायचे ठरते, नाहीतर जागा दुसऱ्याच कामाला जाते. सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, चारा कळत नाही.

मोजायला लागते ती सळईची मीटरभर लांब-रुंद चौकट, विळा आणि तराजू. चौकट कुठे ठेवायची ते नकाशावर चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवावे. हाताने भिरकावली तर ती नकळत दाट गवताकडेच जाते. आतले गवत बुडाशी कापून पवना, मारवेल, कुसळी वेगळी काढायची, गाजरगवत आणि टाकळा बाजूला टाकायचा, मग वाळवून तोलायचे. चौरस मीटरला १०० ग्रॅम भरले तर हेक्टरी १,००० किलो. निवडण्याचा कंटाळा केला तर आकडा फुगतो आणि मेंढ्या उपाशी राहतात. शिवाय चरून उरलेले गवत तोलून खाल्लेले कळत नाही. त्यासाठी काही जागी जाळीचे पिंजरे हवेत. आतल्या-बाहेरच्या वजनातला फरक म्हणजे साधारण जनावरांच्या पोटात गेलेला चारा. आणि हे दरवर्षी, त्याच हंगामात. एका वर्षाच्या आकड्यावरून कुरण सुधारले की बिघडले हे ठरत नाही, त्या वर्षी पाऊस कसा झाला एवढेच फार तर कळते.

मोजणीला दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारे मेंढपाळ सोबत हवेत, आणि त्यांना त्याची मजुरी मिळायला हवी. कोवळी कुसळी मेंढी आवडीने खाते. कुसळे धरली की तीच लोकरीतून कातडीत रुतते. तराजूला हा फरक दिसत नाही, मेंढपाळाला दिसतो.

पिंजरे मात्र पावसाआधी बसले पाहिजेत. जूनमध्ये कोंब फुटले आणि मेंढ्यांची तोंडे लागली, की त्या वर्षाची तुलना हातची गेली.