‘इतर रस्त्यां’चा वेग ठरवा गाव पाहून
केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, ‘इतर रस्त्यां’वर ७० ची. पैठण, गंगापूर तालुक्यांतले दुभाजक नसलेले, उसाच्या ट्रॉल्यांचे रस्ते याच ‘इतर’मध्ये मोडतात. पण ७० ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येक गावासाठी योग्य वेग नव्हे. वेग ५० वरून ७० वर गेला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागते. फाट्यावर, शाळेसमोर, बाजाराच्या दिवशी तेवढी जागा नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ विशिष्ट रस्त्यासाठी कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्याला देते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तो गावागणिक वापरायला हवा. अपघातानंतर रास्ता रोको झाला की गतिरोधक टाकायचा, हे नियोजन नव्हे.