लेखणीची मजुरी

साहित्यिक आणि सिनेमावाले यांचे जमत नाही, ही तक्रार जुनी आहे. लेखक म्हणतो, माझ्या कथेचे वाटोळे केले. निर्माता म्हणतो, पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर आणले तर तिकीटबारीवर माशा माराव्या लागतील. वर्तमानपत्रे या भांडणाला 'कला विरुद्ध धंदा' असे नाव देऊन मोकळी होतात. कामगार चळवळीने मात्र याकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. आमच्या मते हे भांडण मुळात मजुरीचे आणि कराराचे आहे.

प्रेमचंद १९३४ मध्ये अजंठा सिनेटोनच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. वर्षाला आठ हजार रुपये ठरले होते. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. त्यांनी गिरणी कामगारांच्या जीवनावर 'मजदूर' लिहिला. सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली, काही ठिकाणी बंदीही आली. १९३५ मध्ये प्रेमचंद काशीला परत गेले. म्हणजे पैसा चांगला असूनही लेखक टिकला नाही, कारण आपल्या लिखाणावर त्याची सत्ताच नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. वाटेगावहून मुंबईत येऊन गिरणीत राबलेले कॉम्रेड अण्णाभाऊ साठे! त्यांच्या कादंबऱ्या सिनेमाला भावल्या. 'वैजयंता' १९६१ मध्ये पडद्यावर आला, 'फकिरा' १९६३ मध्ये. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, तेव्हा घरात दारिद्र्य होते. पुढच्याच वर्षी 'वारणेचा वाघ' लागला. रुळांवर राबणाऱ्या गँगमनचे नाव कोणी स्टेशनच्या पाटीवर लिहीत नाही, पण पगारपत्रकावर ते दर महिन्याला असते. लेखकाचे बरोबर उलटे असते. नाव पाटीवर, पण पगारपत्रकाचा पत्ता नाही.

पडदा पुष्कळदा लेखक गेल्यावर उजळतो. आमच्या कुरुद-भिलाईपासून राजनांदगाव फार लांब नाही. घरची भाषा मराठी असूनही हिंदीचे मोठे कवी झालेले गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या कॉलेजात शिकवीत. ते १९६४ मध्ये वारले आणि त्यांच्या लिखाणावरचा मणि कौल यांचा चित्रपट १९८० मध्ये आला. अशा वेळी वारसांच्या हातात कागद नसेल तर काय उरते? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. या हिशेबाने अण्णाभाऊंच्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरीस संपेल. त्यानंतर त्यांच्या कथेवर कोणीही, कोणाला न विचारता सिनेमा काढू शकेल.

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पैसा ते घालतात, बुडाला तर त्यांचा बुडतो. पडद्याची भाषा वेगळी असल्याने बदलही करावे लागतात, हे कोणी नाकारत नाही. विजय तेंडुलकरांसारखा नाटककार सिनेमात तडफेने लिहीत होताच. त्यांच्या लेखणीचा 'मंथन' १९७६ मध्ये निघाला, तेव्हा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन भांडवल उभे केले होते. सिनेमा लेखकाचा वैरी नाही. थैली कोणाच्या हाती आणि अट कोणाची, यावर सारे ठरते.

मग वाट कशाने सापडली? काही वेळा कोर्टाने. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' कादंबरीवरील चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले, की हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा अधिकार संपत नाही. पण खरी वाट संघटनेने सापडते. मुंबईच्या चित्रपट लेखकांची संघटना १९६० मध्ये ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदली गेली. लेखकांनी स्वतःला कामगार म्हणवून घेण्यात कमीपणा मानला नाही, हे विशेष! गीतकार-संगीतकारांनी आवाज उठवला आणि २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमागृहाबाहेर, म्हणजे टीव्ही, रेडिओ, मोबाईलवर चित्रपटातील गीत किंवा लेखन वापरले गेले, तर रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा राहतो. हा वाटा त्याने सही करून सोडला तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये चित्रपट आणि टीव्हीच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला आणि नवा करार पदरात पाडूनच ते कामावर परतले. एकट्या लेखकाला हार आणि शाल मिळते. संघटित लेखकाला करार मिळतो.

हे सारे कामगारांच्या मासिकात कशासाठी? कारण हा प्रश्न आता आपल्या वसाहतीत आला आहे. छत्तीसगडी चित्रपट आणि गाण्यांच्या अल्बमसाठी रेल्वेच्या, पोलाद कारखान्याच्या कामगारांची मुले-मुली लिहू लागली आहेत. छापील कागद पुढे येतो. त्यावर 'सर्व हक्क कायमचे' असे असते आणि नाव पडद्यावर येणार या आनंदात पोर सही करून मोकळे होते. कायदा सांगतो, की करारात मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरला जातो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. हे त्या पोराला सांगणार कोण?

बंधू-भगिनींनो, हे काम आपले आहे. चार्जशीटचे उत्तर लिहून देणारी युनियनची कचेरी करारही वाचून देऊ शकते. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखावी आणि जाणकार वकिलाला बोलवावे. आपल्या घरातल्या, शेजारच्या लिहित्या मुलांना एकच सांगावे : आधी कागद आणा, मग सही करा. अण्णाभाऊंच्या जयंतीला, १ ऑगस्टला, आपण हार घालतोच. या वर्षी त्या दिवशी हा उपक्रम सुरू झाला, तर गिरणीतून आलेल्या त्या लेखकाचे काही देणे आपण फेडले असे म्हणता येईल.