डेटाची सवय घरीच ठेवा

2016 मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा आपल्या अंगवळणी पडला. पण ऱ्हाइनकाठच्या सायकलमार्गावर निघालेल्या कोपरखैरण्याच्या सायकलस्वाराने ही सवय घरीच ठेवावी. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचा जादा आकार उठला खरा, पण तो तिथल्या सिमसाठी, आपल्या नव्हे. शिवाय ऱ्हाइन जिथे उगम पावते तो स्वित्झर्लंड या नियमाबाहेरच आहे. म्हणून डेटाला तिथले ई-सिम, बँकेच्या ओटीपीला भारतीय क्रमांक आणि नकाशे निघण्याआधीच फोनमध्ये उतरवलेले, ही विभागणी शहाणपणाची. ‘रोमिंग पॅकच सोपा’ हे म्हणणे चार दिवसांच्या सहलीपुरते ठीक. महिनाभराच्या सफरीत ते खिशाला जड जाते. सुरक्षिततेचे म्हणाल, तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला डेटा लागतच नाही.