फोनलाही एक्स्पायरी डेट हवी!

‘तुमचा पहिला स्मार्टफोन कोणता?’ हा प्रश्न सावंगीत हॉस्पिटलच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एकदा विचारून बघा. तिशीच्या आसपासचे सगळे एकदम बोलायला लागतात. कुणाला नोकिया ५२३३ आठवतो, कुणाला मायक्रोमॅक्स. पण एक नाव फिरून फिरून येतं, सॅमसंग गॅलेक्सी वाय. २०११ मध्ये आलेला, तीन इंची स्क्रीनचा, मुठीत मावणारा फोन. आपल्यापैकी बहुतेकांनी तो विकत घेतला नाही. मामाकडून नाहीतर दादाकडून पाच मिनिटांसाठी मागून घेतला, गेम खेळलो आणि चार्जिंग संपवली म्हणून बोलणी खाल्ली.

गंमत अशी, की या एकाच फोनबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एक जण म्हणतो, ‘लय दणकट होता बावा! पडला तं झाकण इकडे, बॅटरी तिकडे. जोडला का चालू!’ त्याच्याच बाजूला बसलेला हसतो, ‘दणकट काय घेऊन बसला? एक ॲप टाकलं का दुसरं काढा लागे.’

दोघंही खरंच बोलतात. त्या फोनची इंटर्नल मेमरी होती साधारण १८० एमबी. आज आपण वर्गातल्या भाषणाचा व्हिडिओ काढतो, तोही यापेक्षा मोठा होतो. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड टाकता यायचं, पण ॲपचा बराचसा पसारा फोनच्याच मेमरीत बसायचा. म्हणजे कार्ड रिकामं आणि तरी ‘जागा नाही’चा मेसेज! कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, फ्लॅश नाही. रात्रीच्या वरातीतला फोटो म्हणजे अंधारात नवरदेव शोधा.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. लोक ज्याचं कौतुक करतात, ते त्यांच्या हातात होतं. नखानं झाकण उघडायचं, फुगलेली बॅटरी काढायची, वर्ध्याच्या मार्केटमधून नवी आणून टाकायची. दुकानदारही लागत नव्हता. आणि ज्याच्या नावानं बोटं मोडतात, ते त्यांच्या हातात नव्हतंच. फोन अँड्रॉइड २.३ वर होता आणि तिथेच राहिला. अँड्रॉइड ४ चा अधिकृत अपडेट त्याला कधीच मिळाला नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून २.३.७ आणि त्याआधीच्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप बंद झालं. २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलनंही अशा फोनवर साइन-इन बंद केलं. त्या दिवशी कुणाची स्क्रीन फुटली नव्हती, कुणाचं बटण तुटलं नव्हतं. फोन लागत होता, रिंग वाजत होती. तरीही तो ‘जुना’ झाला.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा मेमरीचा फोन कंपनीनं जन्मभर चालवायचा का? मुळीच नाही. जुन्या सिस्टीममध्ये सुरक्षेच्या फटी राहतात, त्या धरून बसण्यात शहाणपण नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. फोन किती वर्षं चालेल, हे घेणाऱ्याला घेतानाच कळायला हवं. सावंगीत इतकी मेडिकल स्टोअर्स आहेत. वीस रुपयांची गोळ्यांची पट्टी घेतानाही आपण तारीख बघतो. मग पंधरा हजारांच्या फोनच्या डब्यावर तारीख का नको?

तुम्ही म्हणाल, आता परिस्थिती सुधारली की. अर्धीच सुधारली. गूगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या मॉडेल्सना सात वर्षं अपडेट देऊ म्हणतात. पण आपल्यातले बरेच जण ईएमआयवर दहा-पंधरा हजारांचा फोन घेतात. तिथे किती वर्षं, हे नीट शोधल्याशिवाय कळत नाही. दुसरीकडे बॅटरी आता गोंदानं चिकटवलेली असते. नखाचं काम संपलं. अपडेटचं दुखणं थोडं कमी झालं, तर दुरुस्तीचं वाढलं.

आणि आपला जुना फोन जातो कुठे? आईकडे. ‘मला काय, फोन आला-गेला कळला म्हणजे झालं,’ म्हणत ती घेते. त्याच फोनवर मग तिचं यूपीआय असतं, बँकेचा ओटीपी येतो. सिक्युरिटी अपडेट थांबलेला फोन आपल्याला नको असतो, पण घरात जिला फसवणं सगळ्यात सोपं, तिच्या हातात आपण तोच देतो. मीही दिलाय. सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या अपडेटची तारीख बघितली, तेव्हा लाज वाटली.

इथून जवळच सेवाग्राम आहे. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. त्याच्या सात वर्षं आधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी बघा. किंमत दीडशे रुपयांच्या आत, वेळेवर देखभाल केली तर किमान वीस वर्षं चालला पाहिजे आणि वर्षाचा देखभाल खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण वस्तू विकत घेणाऱ्या गरीब माणसानं काय विचारावं, ते त्या कागदावर लिहून ठेवलं होतं. हाच हिशेब पंधरा हजारांच्या फोनला लावला, तर दुरुस्तीला वर्षाला साडेसातशे रुपये. त्यात आज नवी स्क्रीन बसेल का, विचारून बघा.

हे अशक्य नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सिस्टीम अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे. आपल्याकडे केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे, पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि डब्यावर तारीख छापायची सक्ती असणं वेगळं.

ती सक्ती येईल तेव्हा येईल. तोवर दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारूया. सिक्युरिटी अपडेट कोणत्या सालापर्यंत? बॅटरी बदलायला किती पैसे? पार्ट वर्ध्यात मिळतो की नागपूरला जावं लागेल? दुकानदार पहिल्यांदा वैतागेल. रोज दहा पोरं हेच विचारायला लागली, की तोही कंपनीच्या माणसाला विचारेल.

आणि आज घरी गेल्यावर आईचा फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघा.