हिरवा ठिपका, लाल ठिपका

१९८०च्या दशकात आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत नोटांची गड्डी मोजायचे. मध्येच अंगठा थबकायचा आणि खोटी नोट बाजूला पडायची. "साहेब, कागद बोलतो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. पुढे मोजणीयंत्र आलं, निळा दिवा आला आणि बोटांचं काम डोळ्यांकडे गेलं.

गेल्या महिन्यात त्यांची फार आठवण झाली. आमच्या अक्काचं पित्ताशय काढायचं ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, रोबोने करू. रोबो आपल्या मनाने काही करत नाही, हे मला तिथे कळलं. सर्जन खोलीच्या एका कडेला बसून भिंगात पाहतात. त्यांची बोटं हलतील तसे यंत्राचे हात पोटात हलतात. अक्काने जन्मभर शिवणकाम केलेलं. तिने विचारलं, "डॉक्टर, टाका किती ओढला ते हाताला लागतं का हो?"

"आमच्या यंत्रात नाही लागत," ते म्हणाले. "धागा किती ताणला, टाक्याजवळचा भाग पांढरा पडला का, ते बघायचं."

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सतावत होता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यावर एक साधी युक्ती काढली गेली. सर्जनला दिसणाऱ्या चित्रातच, अवजाराच्या टोकावर एक रंगीत ठिपका चढवायचा. जोर वाढत गेला की हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. खऱ्या दृश्यावर असं चित्र चढवण्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष मला फार बोलका वाटला. ठिपक्याचा फायदा झाला तो मुख्यतः नवशिक्यांना. मुरलेल्या सर्जनांना फारसा फरक पडला नाही. त्यांचे डोळे आधीच आमच्या हेडकॅशियरच्या अंगठ्यासारखे झाले असणार! २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका नव्या यंत्रात तर जोर हाताला जाणवण्याचीही सोय आहे. पण सगळीकडे काही लगेच नवं यंत्र येत नाही.

अंतर वाढलं की प्रकरण आणखी नाजूक होतं. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. (चारच दिवसांनी न्यूयॉर्कवर आभाळ कोसळलं आणि ही बातमी त्यात झाकोळली.) हात हलवल्यापासून ती हालचाल पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलिसेकंद जात, तेही खास राखून ठेवलेल्या वाहिनीवर. म्हणजे लाल ठिपका दिसेल तेव्हा जोर आधीच लागून गेलेला. स्कॅनमधली रक्तवाहिनी पडद्यावर रंगवून दाखवतात, त्यातही गोम आहे. यकृत श्वासागणिक सरकतं, चित्र मागे राहतं. रंगवलेली वाहिनी एका जागी आणि खरी दुसऱ्या जागी असेल, तर चित्र नसलेलं बरं.

२०१८च्या डिसेंबरात डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरहून, सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादेतल्या रोग्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर यंत्राद्वारे उपचार केले. आता कुणीही उठतो आणि म्हणतो, गडचिरोलीचा रोगी मुंबईतून बरा करू. करा, जरूर करा. पण स्ट्रासबुर्गला रोग्याजवळ सर्जन उभे होते, हे सांगायला लोक विसरतात. वाहिनी तुटली तर पोट उघडणारा माणूस गडचिरोलीतच लागणार. यंत्र विकत घेता येतं. तो माणूस तिथे राहावा म्हणून पगार, घर, पोरांची शाळा पाहावी लागते. अंदाजपत्रकात पहिली रक्कम त्याची धरा. आणि संमतिपत्रावर एक ओळ वाढवा: या यंत्रावर डॉक्टरांनी आजवर किती शस्त्रक्रिया केल्या.

आमच्या अक्काच्या कागदावर ती ओळ नव्हती. तिने चष्मा पुसला, डॉक्टरांना तोंडीच विचारलं. ते रागावले नाहीत, आकडा सांगितला. "तेवढा कागदावर लिहून द्या," अक्का म्हणाली. त्यांनी लिहिला. मग तिने सही केली.