२४ वर्षांपूर्वीचा ‘मॉरोविंड’ आजही का गुंगवतो?

‘मॉरोविंड’ हा रोल-प्लेइंग गेम २००२ चा. चेहरे ठोकळ्यासारखे, तरी खेळणारा तासन् तास अडकतो. कारण यात वाट दाखवणारा बाणच नाही. अमुक पूल ओलांडा, मग डावीकडे वळा, असे गावकरी सांगतात. नवी पेठेत दुकान विचारल्यावर मिळतो तसाच पत्ता! चुकत चुकत जाताना घराहून उंच अळंबी, राखेची वादळे, प्रवासी वाहणारे महाकाय किडे भेटतात आणि व्हर्डनफेल बेट पायाखालचे होते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’त (२०२०) राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीतून देखणे जग उभारले. तो अॅक्शन गेम, त्यामुळे वाट ठरलेली. भटकायला वाव कमी. मराठी मुलखातला रोल-प्लेइंग गेम करायचा असेल, तर आधी सिद्धेश्वर तलावाकाठी पत्ता सांगणारी माणसे लिहा. ग्राफिक्सचे नंतर बघू.