कौशल्य कुणाचे, पैसा कुणाचा?

खेळ पाहणारा माणूस मनातल्या मनात संघ निवडीत असतो, ही गोष्ट नवी नाही. नवापूरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणारे कारकून असोत, शहाद्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी असोत, अथवा धडगावकडे जाणाऱ्या एस. टी.त शेजारी बसलेले दोन शिक्षक असोत, अमक्याला का वगळले आणि तमक्याला का घेतले हा वाद रंगतोच. निवड समितीवर नसलेल्या माणसांचा तो जन्मसिद्ध हक्क आहे असे मानावयास हरकत नाही. या निरुपद्रवी हौसेला गुणांचा हिशेब जोडून तिचा रीतसर खेळ करण्यात आला, त्यालाही आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. अमेरिकेतील ओकलंड येथे १९६३ मध्ये काही मंडळींनी तिकडच्या फुटबॉलपटूंचे कागदावरचे संघ बनवून त्याचा आरंभ केला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००२ पासून असा खेळ स्वतःच चालविला. आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने त्याला प्रवेशशुल्क आणि बक्षीस यांची जोड दिली, आणि तेथून हौसेचे स्वरूप पालटले.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या या प्रकारावर बंदी घातली. कायदा संमत होताच कंपन्यांनी आपले पैशाचे सामने बंद केले, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरून ड्रीम इलेव्हनचे नावही उतरले. त्या सदऱ्यासाठी २०२३ मध्ये तीन वर्षांचा ३५८ कोटी रुपयांचा करार झाला होता. बंदी योग्य की अयोग्य, यावर बरीच चर्चा झाली. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. तथापि या चर्चेत एक मुद्दा उलटा धरला गेला आहे. हा खेळ कौशल्याचा आहे, सबब तो जुगार नव्हे, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्यांचे पहिले विधान खरे आहे. परंतु ते खरे आहे म्हणूनच सामान्य माणसाने त्यात पैसे लावू नयेत, हे त्यातून निघणारे अनुमान मात्र कुणी काढीत नाही.

यात कौशल्य आहे, हे आधी निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. इंग्लंडच्या साप्ताहिक खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात भाग घेणाऱ्याला दहा कोटी पौंडांचा काल्पनिक खजिना मिळतो. त्यातून दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीचे आणि तीन आघाडीचे असे पंधरा खेळाडू घ्यावयाचे, आणि एका क्लबाचे तिघांहून अधिक घ्यावयाचे नाहीत. दर आठवड्यास एक बदल फुकट मिळतो, त्यापुढील प्रत्येक बदलास चार गुणांचा दंड बसतो. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. साठ मिनिटे मैदानावर राहणाऱ्यास दोन गुण, त्याहून कमी खेळणाऱ्यास एक. हे नियम वरवर किरकोळ दिसतात, परंतु त्यांतच साऱ्या सल्ल्याचे मर्म आहे. शेवटच्या मिनिटास बदली म्हणून उतरलेला नामांकित आघाडीपटू एक गुण आणतो आणि राखीव खेळाडूची वाट अडवून बसतो. तो मुळीच उतरला नसता तर राखीव बचावपटूचे सहा गुण पदरात पडले असते. यास्तव जाणता माणूस नावापेक्षा मिनिटे पाहतो.

दुसरे उदाहरण कोल पामरचे. हा तरुण २०२३ च्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीकडून चेल्सीकडे आला, तेव्हा खेळातील त्याची किंमत अवघी ५० लाख पौंड होती. ऑक्टोबरात चेल्सीच्या पेनल्टी घेण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्यांनी ही एवढीशी गोष्ट टिपली त्यांस पुढचे सात महिने पश्चात्ताप करावा लागला नाही. हंगामअखेर त्याच्या नावावर २२ गोल होते आणि त्यांतील ९ पेनल्टीचे. उलट मोहम्मद सलाहची गोष्ट. २०२४-२५ च्या हंगामात त्याने २९ गोल केले, ३४४ गुण मिळविले आणि या खेळातील पूर्वीचे सारे उच्चांक मागे टाकले. परंतु त्याची थोरवी सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे तो असंख्य संघांत होता. जो सर्वांजवळ आहे त्याच्यामुळे कुणी पुढे जात नाही. तो नसेल तर मात्र माणूस मागे पडतो. आणि याच सलाहला पुढच्या हंगामात, २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस व डिसेंबरच्या आरंभी, लागोपाठ सामन्यांत पहिल्या अकरांत स्थान मिळाले नाही. गतवर्षीच्या कोष्टकावर विसंबून त्याला कर्णधार करणाऱ्यांचे काय झाले असेल, ते सांगावयास नको.

तेव्हा निरीक्षण, गणित, संयम आणि विस्मरणाची थोडी शक्ती, इतके सर्व येथे लागते. आपल्या न्यायालयांनीही हाच धागा धरला होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात, म्हणजे वृत्तपत्रांतून चालणाऱ्या बक्षीस स्पर्धांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले, परंतु ज्यांत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा निराळ्या मानल्या. १९६७ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला याच कसोटीने अभय मिळाले. ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळही कौशल्याचाच ठरविला. एक प्रकारे हा सारा न्यायेतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: फळ दैवाचे की बुद्धीचे?

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांना या प्रश्नाची दुसरी बाजू समजावून सांगण्याची गरज पडू नये. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घोडा पारखणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे. दात पाहून वय, चाल पाहून खोड आणि खुरावरून प्रकृती ओळखणारी माणसे तेथे दुरून येतात. आता त्या बाजारात घोड्यावर कधीही हात न फिरविलेला एखादा लिपिक महिन्याचा पगार खिशात घालून गेला, तर हा बाजार कौशल्याचा आहे या वस्तुस्थितीने त्याचे रक्षण होईल काय? निव्वळ सोडत असती तर त्याला निदान इतरांइतकी संधी होती. कौशल्याच्या बाजारात तो मुळातच गिऱ्हाईक म्हणून उभा असतो.

पैशाच्या सामन्यांत नेमके हेच घडत होते. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले आणि चालकाने शेकडा १५ कापून घेतले. ५,००० रुपयांपैकी ४,२५० वाटावयास उरले. शंभरही जण कितीही हुशार असोत, या रकमेत एका पैशाची भर पडत नाही. शेतकऱ्याच्या कौशल्याने पीक वाढते, सुताराच्या कौशल्याने लाकडाचे मोल वाढते. येथील कौशल्य फक्त एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात कसा जाईल एवढेच ठरविते. अमेरिकेत २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धाची आकडेवारी तपासण्यात आली, तेव्हा खेळणाऱ्यांना झालेल्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के भाग अवघ्या १.३ टक्के लोकांनी नेल्याचे आढळले. न्यू यॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी एका कंपनीच्या २०१३ व २०१४ या वर्षांच्या हिशेबावरून दाखविले की, तिच्याकडे खेळणाऱ्या ८९.३ टक्के लोकांस तोटाच झाला होता. संगणकाच्या साहाय्याने एकाच सामन्यासाठी अनेक संघ उतरविणारे, रात्रंदिवस तेवढेच काम करणारे लोक एका बाजूस आणि तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत घाईघाईने अकरा नावांवर बोट ठेवणारे गुरुजी दुसऱ्या बाजूस, असा हा सामना होता. आपल्याकडच्या कंपन्यांनी असे हिशेब लोकांपुढे ठेवले असते, तर कदाचित कायद्याची गरजही इतकी भासली नसती.

मग सल्लागारांचे पेव फुटले. आजचा संघ, आजचा कर्णधार, खात्रीची जोडी असे संदेश भ्रमणध्वनीवर येऊ लागले, काही फुकट तर काही दाम मोजून. या धंद्यातील विसंगती साधी होती. सल्ला खोटा असेल तर तो निरुपयोगी. खरा असेल आणि हजारो लोकांनी मानला असेल, तर तितक्याच हजारांत बक्षीस वाटले जाणार. ज्याला खरोखर अनुकूल संघ सापडला आहे तो तो विकीत का बसेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सुचू नये हे आपल्या गणिताच्या अध्यापनाला भूषणावह नाही.

याहूनही गंभीर बाब प्रतिष्ठेची होती. मुंबईत साठाच्या दशकात मटका फोफावला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा अड्ड्यावर जाणाऱ्या नोकरदार माणसाच्या मनात निदान संकोच असे. कुणी ओळखीचे पाहील, साहेबांच्या कानावर जाईल, ही भीती पुष्कळांना मागे खेचीत असे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. पुढील दीड दशकात क्रमांकाला खाते जोडले गेले, खात्याला भ्रमणध्वनी, आणि अड्डा थेट खिशात येऊन बसला. राष्ट्रीय संघाच्या छातीवर त्याचे नाव आले, मग संकोच कसला? २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला या खेळात दीड कोटी रुपये मिळाले आणि त्यापाठोपाठ निलंबनाचा आदेशही मिळाला, तेव्हा पुष्कळांना कळेना की गुन्हा कोणता घडला. बक्षिसाची बातमी घरोघर पोहोचली. हरणाऱ्यांची बातमी होत नाही. सरकारच्या अंदाजाप्रमाणे पैशाच्या अशा सर्व प्रकारच्या खेळांची झळ देशातील ४५ कोटी लोकांना पोहोचली आणि २०,००० कोटींहून अधिक रुपये बुडाले. अंदाज निम्म्याने चुकला असे धरले तरी आकडा लहान होत नाही.

नव्या कायद्याने कौशल्य, दैव वा दोहोंचे मिश्रण हा भेदच बाजूस सारला आणि पैसे लावले जातात की नाही एवढेच पाहिले, हे त्याचे शहाणपण होय. खेळणाऱ्यास शिक्षा न ठेवता चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला, हेही उचित झाले. मात्र १९६९ पासून स्वतः लॉटरी चालविणाऱ्या महाराष्ट्र शासनाने या प्रसंगी नीतीची प्रवचने फार मोठ्या आवाजात करू नयेत. परदेशातून चालणाऱ्या चोरट्या व्यवस्थांकडे लोक वळणार नाहीत अशी दक्षता घेणे हेही बंदीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्या बाबतीत आजवरचा सरकारी अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही.

जो खेळ फुकट आहे तो मात्र कायद्याने तसाच ठेवला आहे, आणि तो टिकावा. जगभर एक कोटीहून अधिक संघ इंग्लंडच्या साप्ताहिक खेळात उतरतात ते पैसे न भरता. अडतीस आठवडे चालणाऱ्या हिशेबात एखाद्या शनिवारचे दैव विरून जाते आणि निरीक्षण तेवढे शिल्लक राहते. संघ निश्चित करण्याची मुदत पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. हिवाळ्यातील शनिवारी ती बहुधा आपल्याकडील दुपारच्या साडेचारच्या सुमारास येते, म्हणजे सकाळची शाळा सुटल्यावर निवांत विचार करावयास पुरेसा वेळ उरतो. प्रत्यक्ष अकरा नावे त्यानंतर जाहीर होतात, त्यामुळे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय लागते. चार गुणांचा दंड सोसून बदल करावा की थांबावे, हा प्रश्न आठवीतल्या मुलासही सरासरी आणि संभाव्यता शिकवून जातो.

त्यासाठी दर वेळी इंग्लंडकडेच पाहिले पाहिजे असे नाही. जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा अशी आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालये आहेत. त्यांच्या आश्रमशाळांतील मुले कबड्डी आणि खो-खो ज्या तडफेने खेळतात, तिची साधी नोंदही बहुधा कुठे राहत नाही. एखाद्या शिक्षकाने वहीत खो-खोपटूचा पळतीचा वेळ सेकंदांत आणि त्याने टिपलेले गडी, तसेच कबड्डीपटूच्या यशस्वी चढाया आणि पकडी सामन्यागणिक लिहून ठेवल्या, त्यांवर गुण ठरविले आणि वर्गातील मुलांना दर आठवड्यास आपापला संघ निवडावयास सांगितले, तर त्याला वही, पेन्सिल आणि एक घड्याळ एवढेच साहित्य लागेल. अक्कलकुव्याचा पळपुटा बरा की मोलगीचा, यावर मग मुलांना आकड्यांनिशी भांडता येईल.